बाटलीतलं की अंगातलं

निमाकाकूने मला पहिल्यांदा ‘तू कोन शे?’ असं विचारलं, तेव्हा मी तिच्यासमोर बसून तिच्याच हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खात होते. सकाळचे दहा वाजून गेले होते. तिने तवा उतरवला, हात फडक्याला पुसले आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं थट्टा करतेय. मीही थट्टेत म्हटलं, “मी कलेक्टर.” ती हसली नाही. तिच्या कपाळावर घाम होता, बोटं थरथरत होती, आणि डोळे माझ्याकडे असूनही ती मला बघत नव्हती. मग तिने माझ्या ताटातला गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला, भाकरीचा तुकडा मोडला, चावत बसली, आणि थोड्या वेळाने अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “वंदू, शाळेला उशीर होईल तुला.” मधे काही घडलंच नाही, असं. मी दप्तर उचललं आणि निघाले. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं, पण कशासाठी वळले ते मला सांगता आलं नसतं.

आम्ही तेव्हा सुरतेच्या डिंडोलीला राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि घरात पाच माणसं: आप्पा म्हणजे माझे वडील, माय, काका, त्याची बायको निमाकाकू आणि मी. आप्पा आणि काका दोघंही दोंडाईच्याकडून मागच्या-पुढच्या वर्षी सुरतेला आले आणि कापडाच्या लूमवर लागले. नवागामच्या बाजूने लूमची खटखट दिवसभर यायची. आम्हाला ती ऐकूच येत नसे. वीज गेली आणि ती थांबली की मगच कान टवकारायचे. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. इथे मी ती मराठीतच लिहिते आहे, एखाद-दुसरं वाक्य सोडून. दहावीपर्यंत माझी शाळा मराठी होती, अकरावीला विज्ञान घेतलं ते गुजरातीतून. त्यामुळे माझ्या डोक्यात नुसता गोंधळ असायचा. मराठी पुस्तकात ‘संप्रेरक’ वाचलेलं, गुजराती पुस्तकात ‘अंतःस्राव’. हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत, हे कळायला मला सहामाही परीक्षा उलटून जावी लागली. तोवर मी समजत होते की माणसाच्या अंगात दोन्ही वेगवेगळे असतात. विचारायची सोय नव्हती. वर्गात मी एकटीच डिंडोलीची होते, आणि तोंड उघडलं की माझ्या गुजरातीला हसायचे.

आप्पांना मधुमेह होता. लूमवर उभं राहून पायाला झालेली जखम वर्षभर भरली नाही, मग नजर गेली, मग ते घरीच बसले. त्यांना रोज सकाळी इन्सुलिन टोचायचं काम माझं होतं. फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली स्टीलच्या डबीत घालून, ती डबी ओल्या वाळूने भरलेल्या माठात ठेवलेली असायची. मी काचेची सिरिंज उकळायची, बाटली तळव्यात फिरवायची, औषध ओढायचं, सुई वर धरून हवेचे बुडबुडे काढायचे आणि आप्पांच्या दंडाला टोचायचं. आप्पा दर वेळी म्हणायचे, “टोचलं का? कळलंच नाही बघ.” त्यांना कळायचं, पण ते तसंच म्हणायचे. या कामाचा मला फार अभिमान होता. घरात मी सोडून कोणालाच ते जमत नसे, आणि गल्लीतल्या बायका मला ‘आमची डॉक्टरीण’ म्हणत.

निमाकाकू तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आमच्याकडे साड्या यायच्या धागे कापायला. गठ्ठाच्या गठ्ठा पडवीत पडलेला असायचा, आणि माय नि काकू छोट्या कात्र्यांनी मागचे लोंबते धागे कापत बसायच्या. काकूचा हात विजेसारखा चालायचा, आणि तोंडही. खापरावरची पुरणपोळी अशी पातळ करायची की पलीकडचा माणूस दिसावा. शेवभाजीचा रस्सा तर असा तिखट, की आप्पांच्या बंद नाकाला रस्ता मिळायचा. मला न्हाऊ घालणारी, वेणी घालणारी, माझी पहिली पाळी आली तेव्हा मायच्या आधी जिला सांगितलं ती हीच. आणि त्या वर्षी ती हळूहळू कुठेतरी हरवायला लागली. चहात मीठ घालायची. नळाला पाणी आलं की हंडा घेऊन उलट्याच दिशेला चालू लागायची. एकदा तिने धागा कापता कापता साडीच मधोमध कापली आणि कापतच गेली. मायने हात धरला तर तिलाच चावायला धावली. खाल्लं की मात्र ताळ्यावर. त्यामुळे ती सारखी खायला लागली, पदराला गूळ बांधून ठेवू लागली, आणि अंगानेही सुटली. माय म्हणायची, “काम नको म्हणून सोंग आणते.” काका म्हणायचा, “मूल नाही म्हणून डोकं फिरलं.” गल्लीतल्या बायका म्हणायच्या की चोरून खाते. मी काहीच म्हणत नसे. मला सगळ्यांचंच खरं वाटायचं.

त्या श्रावणात आमची देवी कानबाई आमच्या घरी बसली. खानदेशातून आलेल्या माणसाला कानबाईचं काय ते सांगायला नको. रविवारी स्थापना, गव्हाचे रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. काकूने त्या वर्षी मुलासाठी नवस बोलला होता, विसर्जन होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही म्हणून. रविवारी तिने सगळ्यांना वाढलं, स्वतः ताटाला हात लावला नाही. सोमवारी सकाळी मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली, ताशा कडाडला, आणि काकू झुलायला लागली. डोळे अर्धे मिटलेले, अंग घामाने चिंब, तोंडातून काहीतरी अर्धवट शब्द. “कानबाई उनी! निमाच्या अंगात कानबाई उनी!” कोणीतरी ओरडलं. झालं. बायकांनी तिला मधे घेतलं, मायने कपाळभर कुंकू लावलं, नारळ पायाशी ठेवला. शेजारच्या एकीने हात जोडून विचारलं, “आई, माझ्या पोरीचं जमेल का यंदा?” काकू म्हणाली, “कात्री कुठे गेली?” बायकांनी त्याचाही काहीतरी अर्थ लावला. मीसुद्धा हात जोडले, खोटं कशाला सांगू. मग तिचे दात आवळले, हातपाय झटके द्यायला लागले आणि ती रस्त्यावर कोसळली. ताशा एकदम थांबला.

काकाने तिला रिक्षात घातलं. माय आणि मी दुसऱ्या रिक्षाने मागोमाग. उधन्याच्या बाजूला एक लहान नर्सिंग होम होतं, तिथल्या डॉक्टरीणबाई गुजराती होत्या. सगळे त्यांना नुसतं ‘बेन’, म्हणजे ताई, म्हणायचे. बेननी काकूच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला, पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी लावून पाहिला, आणि लगेच ग्लुकोजची जाडजूड सिरिंज तिच्या शिरेत रिकामी केली. सिरिंज संपायच्या आत काकूने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, बोटाला लागलेलं कुंकू बघितलं आणि विचारलं, “मिरवणूक गेली का?” माय रडायला लागली. काका भिंतीला टेकला. मला वाटलं, एवढंच? साखर?

बेननी आम्हाला बाहेर बोलावलं. “हिला मधुमेह आहे?” नाही. “घरात कोणाला आहे? इन्सुलिन घेतं कोणी?” मी पुढे होऊन सांगितलं, माझे वडील घेतात, मीच टोचते. बेननी माझ्याकडे नीट पाहिलं. आणि मला, कशी सांगू, फार बरं वाटलं. गुजराती बोलणाऱ्या, पांढरा कोट घातलेल्या बाईने मला माणसात मोजलं होतं. त्या भरात मी पुढे म्हणाले, “या महिन्यात बाटली लवकर संपली. महिना पुरते, पण आठवडाभर आधीच संपली.” कोणी विचारलं नव्हतं. मायने माझ्याकडे पाहिलं, काकाने मायकडे. बेन हळू आवाजात काकाला म्हणाल्या की साखर इतकी खाली जायची कारणं थोडीच असतात. एक म्हणजे कोणीतरी इन्सुलिन टोचतंय, ती स्वतः किंवा दुसरं कोणी. दुसरं म्हणजे अंगातच जास्त तयार होतंय, पण ते क्वचित. तपासावं लागेल. काकाने दुसरं ऐकलंच नाही. मीही ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते आजही नीट मांडता येत नाही. मायने वाळूचा माठ उचलून आपल्या खाटेखाली नेला. बाटलीवर काजळाने रेघ ओढली आणि रोज सकाळी मी औषध ओढलं की ती नवी रेघ ओढायची. काकाने बायकोशी बोलणं टाकलं. एकदाच बोलला, सगळ्यांसमोर: “मरायचं होतं तर विहिरी काय कमी होत्या तुझ्या माहेरी?” काकू ताट धूत होती, धूतच राहिली. आप्पा अंधाऱ्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेला बघून म्हणाले, “निमा असं करायची नाही.” माय म्हणाली, “मग काय मी केलं?” कारण तेही गल्लीत कुजबुजलं जात होतं, जाऊबाईने चहातून दिलं असेल म्हणून. आज मला त्याचं हसू येतं. चहातून इन्सुलिन दिलं तर त्याने काहीच होत नाही. तेही शेवटी प्रथिनच, पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं. पण तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी मायच्या हातचा चहा पिताना दोन दिवस थांबून थांबून प्यायले. स्वतःच्या आईच्या.

काकूने मला काही विचारलं नाही. वेणी मात्र घालायची थांबली. मी फणी घेऊन तिच्यासमोर बसले तर म्हणाली, “मायकडे जा.”

पंधरा दिवसांनी बेननी तिला भरती करून घेतलं. उपाशी ठेवायचं होतं. आदल्या संध्याकाळी जेवण, मग फक्त पाणी, आणि साखर खाली गेली की त्याच वेळी रक्त घ्यायचं. तिच्याजवळ बसायला मला पाठवलं, कारण माय जाईना आणि काकाची लूमवर पाळी होती. मी सकाळी पोचले तेव्हा नर्स काकूची पिशवी रिकामी करत होती. कंगवा, लुगडं, कुंकवाची डबी, सगळं टेबलावर मांडून पाहिलं. मग पदर झटकायला लावला, निऱ्या सोडायला लावल्या, अंबाड्यात बोटं घालून पाहिली. सुई किंवा बाटली लपवली नाही ना, हे बघायला. नर्स बोलायला वाईट नव्हती, “माफ करजो बेन,” म्हणत होती. काकू हात वर करून उभी होती, आणि सबंध वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी दाराशी उभी होते. बाहेर जावं की आत यावं, तेही मला कळेना.

नर्स गेल्यावर काकू खाटेवर बसली, निऱ्या नीट खोचल्या, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी आपण होऊन बोलली.

“वंदू, एक विचारू? तू पुस्तकं वाचतेस. खरं सांग.”

“काय?”

“मीच घेतलं असेल का गं?”

मी दप्तर मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसले.

“मला मधलं काही आठवत नाही ना. साडी कापली, आठवत नाही. तुझ्या मायला चावले म्हणे, आठवत नाही. कानबाईच्या दिवशी काय काय बोलले, लोक सांगतात तेच. मग त्या वेळेत मी उठून माठातली बाटली काढली असेल, टोचून घेतलं असेल, तर मला कसं कळणार? काल मी शपथ घ्यायला गेले कानबाईची, की मी नाही केलं. हात वर केला आणि शब्दच फुटेना. खोटी शपथ झाली तर?”

“तुला टोचता येतं का?” मी विचारलं.

“तुला रोज बघते,” ती म्हणाली. “बघून बघून येतही असेल.”

 तिथेच मी म्हणायला हवं होतं की काकू, तू नाही केलंस. पण मलाही तेव्हा खात्री नव्हती. सतरा वर्षांच्या मुलीला पन्नाशी ओलांडलेल्या बाईने माफ करावं म्हणतात. मी प्रयत्न करते, पण अजून पूर्ण जमलेलं नाही.

अकराच्या सुमारास तिचं बोलणं अडखळायला लागलं. हाताला कंप, कपाळावर घाम. पट्टीवर साखर पन्नासच्या खाली. नर्स म्हणाली, अजून थोडं. काकू माझ्याकडे बघून म्हणाली, “गूळ दे.” मी म्हटलं, “थोडं थांब.” “पदराला बांधलाय, सोड.” पदराला काही नव्हतं. ती पदर चाचपत राहिली, गाठ शोधत राहिली, मग लहान मुलीसारखं रडायला लागली, आणि माझा दंड धरून म्हणाली, “माय, भूक लागी राह्यनी.” मला ती तिची आई समजत होती. माझ्या दप्तरात डबा होता, त्यात पोळी आणि गूळ-तूप. मी दोन हातांनी दप्तर दाबून धरलं. पुन्हा पट्टी. बेन धावत आल्या, नर्सने रक्त ओढलं, एक नळी, दुसरी नळी, तिसरी, आणि मग एकदाची ती ग्लुकोजची सिरिंज. काकूने डोळे उघडले, माझ्या दंडावर उमटलेली आपलीच बोटं पाहिली आणि विचारलं, “मी मारलं का तुला?”

ते रक्त यंत्रात फिरवून, वरचं पाणी बाजूला काढून, बर्फाच्या थर्मासात घालून काकाने मुंबईच्या गाडीने स्वतः नेऊन दिलं. सुरतेत ही तपासणी होत नसे. रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागले. ते दिवस आमच्या घरात भांड्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता.

रिपोर्टच्या दिवशी बेननी सगळ्यांना बोलावलं. काका, माय, काकू आणि मी. आप्पांनाही हट्टाने यायचं होतं, त्यांना मी हात धरून नेलं. बेनच्या पुढ्यात एक कागद होता, त्यावर दोनच आकडे. एक इन्सुलिनचा. तो खूप वर होता. काकाने मान खाली घातली. “थांबा,” बेन म्हणाल्या, “दुसरा बघा.” दुसऱ्याला त्या सी-पेप्टाइड म्हणाल्या. आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी कागद उलटा ठेवला आणि काकूला विचारलं, “तुमच्याकडे साड्या येतात ना धागे कापायला?”

“येतात.”

“साडी लूमवरून कशी उतरते? ब्लाउजपीस वेगळा विणतात?”

“नाही. जोडूनच असतो. मग कापून काढतात.”

“अंगही तसंच करतं,” बेन म्हणाल्या. “इन्सुलिन काही तयार उतरत नाही. आधी मोठी लांब साखळी विणली जाते. मग त्यातला एक तुकडा कापून काढला की उरतं ते इन्सुलिन. पण अंग तो तुकडा टाकून देत नाही. दोन्ही बरोबरच रक्तात सोडतं. जितकी इन्सुलिनं, तितके तुकडे. आणि बाटलीत जे असतं, त्यातून तो तुकडा कारखान्यातच काढून टाकलेला असतो. आता सांगा, कोणी बाहेरून टोचलं असतं तर रक्तात काय दिसलं असतं?”

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पण माझ्या डोक्यात सगळं एकमेकांत अडकलं होतं. तो तुकडाही संप्रेरक का? मग साखर कोण कमी करतं? पण काकू, जी चौथीनंतर शाळेत गेली नव्हती, ती हळूच म्हणाली, “नुसत्या साड्या दिसल्या असत्या. पीस नसते.”

“आणि तुमच्या रक्तात पीस आहेत. ढीगभर.”

“म्हणजे माझंच आहे?”

“तमारुं ज छे, बेन,” बेन म्हणाल्या. तुमचंच आहे.

काकू रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा आप्पांकडे वळून, भासऱ्यासमोर म्हणजे थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसे ती, स्पष्ट म्हणाली, “भाऊ, मी नव्हतं घेतलं.” आप्पा म्हणाले, “मला ठाऊक होतं, बाई.” माय खाली बघत होती. काकाने उलटा ठेवलेला कागद सरळ करून ते दोन आकडे पुन्हा पाहिले.

पुढे मी रक्ततपासणीच्या लॅबमध्येच आयुष्य काढलं, आणि ज्या गोष्टीने त्या दिवशी माझा गोंधळ उडवला ती रोजच्या कामाची झाली. साखळीच्या पुढच्या टोकाला आणखी एक छोटा तुकडा असतो, नुसता वाट दाखवण्यापुरता. पेशीच्या आतल्या नळ्यांमध्ये शिरता शिरताच तो कापला जातो. मग उरलेली साखळी स्वतःवर दुमडते, तिला गंधकाचे टाके पडतात, आणि ती बारीक पुड्यांत भरली जाते. त्या पुड्यांमध्ये कापणारी विकरं असतात. ती दोन ठिकाणी कापतात, टोकं साफ करतात, आणि मधला तुकडा सुटतो. तो मधे नसता तर घडीच नीट पडली नसती. कितीतरी संप्रेरकं अशीच होतात, आधी मोठं, निरुपयोगी दिसणारं काहीतरी आणि मग त्यातून कापून काढलेलं. एकाच साखळीतून मेंदूत एक निघतं आणि दुसरीकडे दुसरंच, कारण कापणारी विकरं वेगळी. हे सगळं मला आता झोपेतही सांगता येईल. पण दर वेळी सी-पेप्टाइडसाठी नमुना आला की मी नोंदवहीत लिहिताना जरा थांबायची. कोणाच्या तरी घरी कोणाकडे तरी बोट दाखवलं जात असेल, असं वाटायचं.

काकूच्या स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ होती. अंगाला गरज असो-नसो, ती इन्सुलिन करतच राहायची. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ती काढली. त्यानंतर काकू पुन्हा कधी हरवली नाही. टाके सुकल्यावर तिला आणायला काका गेला, तेव्हा तिने त्याला सांगितलं की डिंडोलीच्या घरी येणार नाही. भांडली नाही, कारण सांगितलं नाही. काकाने भेस्तानला एक खोली घेतली. तीन वर्षांनी तिला मुलगी झाली. सणावाराला ती यायची, मायच्या पाया पडायची, पुरण वाटून द्यायची, संध्याकाळच्या आत परत जायची.

बाटली त्या महिन्यात लवकर का संपली, हे मला फार उशिरा कळलं, तेही नक्की नाही. लॅबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीला मी सिरिंजमधली हवा काढायला शिकवत होते. ती बुडबुडा घालवायला दट्ट्या दाबायची आणि प्रत्येक वेळी दोन-चार थेंब बाहेर उडायचे. “अगं, सांडतंय,” मी म्हटलं आणि माझे हातच थांबले. त्याच महिन्यात सुई बदलली होती. मला बुडबुड्यांची भीती वाटायची, आप्पांच्या शिरेत हवा जाईल म्हणून. मी तीनतीनदा दाबून काढत असे. रोजचे चार-पाच थेंब, महिनाभर. मायने रेघ ओढायला सुरुवात केल्यापासून मी घाबरून जपून ओढायला लागले होते, म्हणून पुढची बाटली बरोबर पुरली असणार. सगळ्यांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला होता: पहारा बसला म्हणून काकूची चोरी थांबली.

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी हे सांगायला भेस्तानला गेले. काका राहिला नाही आता. काकू तिथेच लेकीकडे असते, पासष्टीच्या घरात आहे, चष्मा लावून अजून साड्यांचे धागे कापते, हौस म्हणून. मी सगळं सांगितलं. बेनसमोर मी काय बोलले ते, का बोलले ते, आणि बाटली मीच कमी करत होते तेही.  ती कात्री चालवत ऐकत होती.

“कोणती बाटली?” तिने विचारलं.

“आप्पांची. माठातली.”

तिने मान हलवली. “माले काय याद नही, वंदू. त्या दिवसांतलं सगळं पुसून गेलंय. लोक सांगतात तेवढंच.”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मी रिकामी झाले. इतकी वर्षं मी जे एकटीने वागवलं ते दुसऱ्या बाजूला कधी नव्हतंच की काय? तिने चहा केला, लेकीचे फोटो दाखवले, तिच्या तिखट रश्श्याने आप्पांचं नाक मोकळं व्हायचं, त्याची आठवण काढून हसली. ते मात्र तिला लख्ख आठवत होतं. निघताना मी वाकले तर तिने मला वरच्या वर धरलं, दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, “मनमा ठेवू नको.”

रिक्षा बरीच पुढे गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. जिला काही आठवतच नाही, ती काय मनात ठेवू नको म्हणत होती? मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं. तो थांबला, मागे वळून बघत राहिला. परत फिरावं की नाही, ते मला ठरवता येईना. शेवटी मी त्याला म्हटलं, चल.